सहा मुठी डाळीचं पीठ

तळवड्यात सारजाबाईंच्या मासवडीला जे नाव होतं, ते गावच्या पाटलालाही नव्हतं. पाटलाला मागून नावं ठेवणारे चार-दोन जण तरी निघायचे. सारजाबाईंच्या मासवडीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. डाळीच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करून वरून दाबून माशासारखा आकार द्यायचा आणि सुरीनं वड्या पाडायच्या. सांगायला एवढंच. पण सारजाबाईंची गुंडाळी मऊ वळायची, कुठे चीर म्हणून जायची नाही, आणि बाया ती बघायला यायच्या.

त्यांच्या सुनेची, कस्तुराची, गुंडाळी मात्र दर खेपेला फुटायची. पाठीवर भेग पडायची, भेगेतून सारण बाहेर डोकवायचं आणि सारजाबाई म्हणायच्या, “बघा.” तेवढंच म्हणायच्या. पुढचं काम शेजारणी करायच्या.

कस्तुरा पुनावळ्याची. उंच, हाडापेरानं दणकट, आणि पंजा असा की खुरप्याची मूठ त्यात हरवून जावी. शेतात तिच्या हाताचं कोण कौतुक. कस्तुरा पात धरायला आली की दुसऱ्या बाईची गरज नाही, असं सासरे हयात असताना चारचौघांत सांगायचे. म्हशीला तिच्याखेरीज दुसरा हात चालत नव्हता. पण तेच हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आले की एकदम बिनकामाचे ठरत. तिच्या हाताला चव नाही, हे सारजाबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं आणि गावानं ते ग्रामपंचायतीच्या ठरावासारखं एकमतानं मान्य केलं होतं.

वास्तविक कस्तुरा नियमाला पक्की होती. सारजाबाईंचा नियम असा: सहा मुठी डाळीचं पीठ, दोन फुलपात्री पाणी. हे प्रमाण त्यांना त्यांच्या सासूनं दिलं होतं, म्हणजे ते ब्रह्मदेवाकडून आलं असावं. मासवडी करायची झाली की सारजाबाई पाटावर बसून मुठी मोजायच्या. कस्तुरा एक घालायची, त्या “येक” म्हणायच्या. एकदा पीठ फार घट्ट होतंय असं वाटून कस्तुरानं पाचावर हात थांबवला, तर सारजाबाईंनी सहावी मूठ घालायला लावली आणि आठवडाभर सगळ्या आळीला सांगत फिरल्या, की पुनावळ्याला पाचावर धारण बसते म्हणून पोरीला सहापर्यंत आकडे शिकवत नाहीत.

तिच्या वड्या फुटायच्या, पण निघायच्या मात्र भरपूर. सासूच्या वड्यांनी एक ताट भरायचं, तर हिच्या वड्यांना दीड ताट लागायचं. यात काही विचार करण्यासारखं आहे, असं कुणाला वाटलं नाही. शेजारच्या छबूबाईंनी त्याचाही उलगडा केला होता: कस्तुराच्या हाताला बरकत आहे, फक्त चव नाही. देव एकाच हातात सगळं कशाला देईल?

कस्तुराचा नवरा ज्ञानदेव पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होता. सायकलनं शिफ्टला जायचा. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक मायक्रोमीटर लावून पकडायचा आणि माल नापास करायचा. खात्यात त्याच्या नजरेचा दरारा होता. तीच नजर घेऊन तो घरी यायचा, फुटलेली मासवडी खायचा आणि आईकडे बघून गप्प राहायचा.

आता या घरात वजनकाटा येण्याचं काही कारण नव्हतं. सरकारनं शेर-छटाक मोडून किलो आणला त्याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. किराणा दुकानात लोखंडाची नवी वजनं आली होती. सारजाबाई तिथे जाऊन अजून अच्छेर साखर मागायच्या, आणि दुकानदारही अर्धा किलो देऊन अच्छेर दिल्याचं समाधान त्यांना द्यायचा. सरकारनं शेर मारला. पावशेराला मारायचं मात्र त्याच्या बापाला जमलं नव्हतं. घरात तर ना शेर ना किलो. घरात मूठ, ओंजळ, चिमूट, मापटं आणि सारजाबाई.

काटा आला तो साहेबांमुळे. चैत्रातल्या जत्रेला ज्ञानदेवानं आपल्या खात्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. साहेब शाकाहारी. ताटात मासवडी बघून आधी दचकले. यात मासा नसतो, फक्त नावात असतो, हे त्यांना पटवायला ज्ञानदेवाला बराच वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी इतक्या वड्या खाल्ल्या की रस्सा पुरेना. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

साहेबांच्या बायको सुमनताई कंपनीच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळ एक पाककृतींचं पुस्तक काढणार होतं. गावोगावच्या आजीबाई पदार्थ करतात, पण त्यांना तो सांगता येत नाही, आणि त्यांच्याबरोबर तो नाहीसा होतो, अशी सुमनताईंची तळमळ होती. तेव्हा प्रत्येक मूठ, वाटी, पळी आणि चिमूट यांचं ग्रॅममध्ये रूपांतर करून तो ठेवा शास्त्रशुद्ध स्वरूपात जतन करायचा, असं ठरलं. बाई मनानं वाईट नव्हत्या. फक्त जगात ग्रॅम नसलेली एकही गोष्ट शिल्लक राहू नये, एवढंच त्यांना वाटायचं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी कंपनीच्या जीपमधून त्या तळवड्यात उतरल्या. बरोबर भावानं विलायतेहून आणलेला काटा होता. पांढराशुभ्र, वर ताटली, पुढे घड्याळासारखी तबकडी. आळीतल्या बाया गोळा झाल्या. सारजाबाई नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून अशा बसल्या होत्या, की जणू काटा त्यांचंच वजन करायला आला आहे आणि तो पुरणार नाही.

सुमनताईंनी आधी सगळ्यांना समजावलं की भांड्यात मावतं ते माप निराळं आणि काट्यावर भरतं ते वजन निराळं. वाटीभर मीठ आणि वाटीभर चुरमुरे सारखे भरत नाहीत. हे सांगायला एवढं पेट्रोल जाळून यायची गरज नव्हती, असं छबूबाई हळूच म्हणाल्या. मग विचारपूस सुरू झाली. तिखट किती, तर नाकाला झोंबेल इतकं. तीळ किती, तर दिसतील इतके. खोबरं वाटीभर, पण कुठली वाटी, तर ती एका बाजूनं चेपलेली, सारजाबाईंच्या लग्नातली. सुमनताईंनी वाटी पाण्यानं भरून मापली आणि चेपलेल्या बाजूबद्दल किती वजा करावं या विचारात पडल्या. वजा काही करायचं नव्हतं, पाणी चेपूनच मावलं होतं. पण हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ गेला. दोन फुलपात्री पाणी मात्र एका फटक्यात मोजून झालं.

मग पीठ. सारजाबाईंनी मूठ भरली आणि ताटलीत ओतली. काटा डुगडुगून पस्तिसावर थांबला. पुन्हा भरली, पुन्हा पस्तीसच. बाया चकित झाल्या. सारजाबाईंनी काट्याकडे असं बघितलं की बरोबर आलास म्हणून वाचलास.

इथे थांबल्या असत्या तर सुमनताई सुखानं घरी गेल्या असत्या आणि ही गोष्टही झाली नसती. पण त्यांना शास्त्र आडवं आलं. एकाच मुठीवर विसंबून चालत नाही, सरासरी काढावी लागते, असं त्या म्हणाल्या. त्यांनी छबूबाईंना मूठ भरायला लावली. पंचेचाळीस. मग दाराशी चहाची कपबशी घेऊन उभ्या असलेल्या कस्तुराला बोलावलं.

कस्तुरानं कपबशी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि रोज भरायची तशी मूठ भरली. काटा पस्तीस सोडून पुढे गेला, पंचेचाळीस सोडून पुढे गेला आणि अठ्ठावन्नावर थांबला.

सुमनताई खूश झाल्या. सरासरीला असा फरक लागतोच, म्हणाल्या आणि आकडेमोड करू लागल्या. बाया आपसात हसत होत्या, आपापल्या मुठी उघडून बघत होत्या. कस्तुरा तिथेच उभी होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. हिशोब तिला येत होता, पण तो तिला एकटीला करायचा नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्या सहा मुठी म्हंजी आमच्या आत्याबाईंच्या किती व्हत्यात?”

सुमनताईंना असे प्रश्न फार आवडत. त्यांनी झटकन गुणाकार केला, भागाकार केला आणि शाबासकी द्यावी तशा सुरात सांगितलं, “दहा. जवळजवळ बरोबर दहा.”

ओसरीवरचं हसू थांबलं. छबूबाईंनी आपली उघडलेली मूठ मिटली. आता दहा मुठी पीठ दोन फुलपात्र्यांत शिजवलं, तर त्याची गुंडाळी फुटणार नाही तर काय होईल, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. पुनावळ्याच्या नावानं आजवर जेवढं बोलून झालं होतं, त्यात थोडाफार वाटाही प्रत्येकीचा होता. त्यामुळे सगळ्या एकदम तबकडीकडे बघू लागल्या.

कस्तुरानं सासूकडे पाहिलं. सारजाबाईंनी लुगड्याचा काठ सारखा केला.

“मूठ म्हंजी मूठ,” त्या म्हणाल्या. “मी काय माझी कापून देऊ व्हय तिला?”

सुमनताईंना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी तिन्ही आकड्यांची सरासरी शेहेचाळीस अशी लिहून घेतली, सारजाबाईंना वाकून नमस्कार केला आणि उजेड आहे तोवर जीपमध्ये बसून गेल्या.

रात्रपाळी नव्हती, म्हणून ज्ञानदेव संध्याकाळी घरी आला, तोवर सगळ्या गावाला कळलेलं त्यालाही कळलं होतं. हातपाय धुऊन तो चुलीपाशी बसला. झालं ते झालं, आता मनात धरू नकोस, म्हणाला. कस्तुरानं भाकरी परतली. कंपनीत एवढासा फरक राहिला तर तो अख्खा माल परत पाठवतो, हे त्यानंच तिला कितीदा तरी अभिमानानं सांगितलं होतं. तिनं त्याची आठवण करून दिली नाही. त्याला स्वतःलाच ती आली असावी, कारण त्या दिवशी तो एक भाकरी कमी जेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूपुढे परात ठेवली आणि तुमच्या सहा मुठी घाला, म्हणाली. सारजाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. घातल्या. मग कस्तुरानं ते पीठ आपल्या मुठीनं उचलून दुसऱ्या भांड्यात टाकलं. साडेतीन मुठींत परात जवळजवळ रिकामी झाली. थोडं चिमूटभर राहिलं, तेही तिनं झटकून घेतलं. दोन फुलपात्री आधण ठेवलं, पीठ वैरलं, घोटलं. पिठलं हाताला लोण्यासारखं लागलं. इतक्या वर्षांत तिला ते तसं कधी लागलं नव्हतं. फडक्यावर थापलं, सारण पसरलं, गुंडाळी केली. चीर गेली नाही.

ती गुंडाळीकडे बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण तिला राग आला. इतका की पहिल्या दोन वड्या तिरक्या कापल्या गेल्या.

सारजाबाईंनी एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. मीठ कमी आहे, म्हणाल्या. मीठ कमी नव्हतं.

त्याच आठवड्यात कस्तुरा पुनावळ्याला आईकडे गेली. तिची आई सरूबाई म्हणजे गरीब गाय. लेकीच्या सासरी आली की वाकून बोलायची. ताटात फुटकी मासवडी पडायची आणि सारजाबाई “बघा, विहीणबाई” म्हणायच्या, तेव्हा सरूबाई म्हणायची, पोरीला शिकवायचं राहूनच गेलं, पदरात घ्या. पुढे पुढे तिनं तळवड्याला येणंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे तेव्हा दुखत नव्हते.

कस्तुरानं तिला सगळं सांगितलं. काटा, पस्तीस, अठ्ठावन्न, दहा मुठी. सरूबाई शेंगा फोडत ऐकत होती. लेक थांबली तेव्हा ती म्हणाली, “मला वाटायचं, खरंच चुकलं आसंल माझं. तुझी मासवडी हितं कवा फुटली न्हवती. पर मी म्हनलं, इतकी मानसं म्हनत्यात म्हंजी आपल्याला आठवत नसंल.”

शेंगांचं सूप मध्ये होतं, म्हणून दोघी जवळ आल्या नाहीत. पण कस्तुरा त्या दिवशी मुक्कामाला राहिली आणि आईबरोबर सगळ्या शेंगा फोडून संपवल्या.

फाल्गुनात मंडळाचं पुस्तक छापून आलं. एक प्रत साहेबांनी ज्ञानदेवाबरोबर पाठवली. मासवडीच्या पानावर छापलं होतं की पीठ सहा मुठी, एक मूठ म्हणजे शेहेचाळीस ग्रॅम. ही मूठ तळवड्यात कुणाचीच नव्हती. सारजाबाईंची नव्हती, छबूबाईंची नव्हती आणि कस्तुराची तर नव्हतीच. पण शास्त्रशुद्ध होती. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांनी त्या प्रमाणानं मासवड्या केल्या आणि झाडून सगळ्यांच्या फुटल्या. त्यावर मंडळाची बैठक झाली. चहा-चिवडा झाल्यावर असा निष्कर्ष निघाला की प्रमाण बरोबर आहे, पण अशा पदार्थांना गावाकडचाच हात लागतो.

इकडे तळवड्यात निर्दोष ठरल्याचं बक्षीस कस्तुराला मिळायच्या बेतात होतं. जत्रा जवळ आली. पाहुणे किती येणार याचा अंदाज लागला आणि सारजाबाईंनी एके सकाळी सहज सांगून टाकलं की त्यांचे खांदे भरून येतात, आता सुनेचा हात बसला आहे, तेव्हा यंदापासून जत्रेच्या मासवड्या तीच करील. आजवर चव नसलेल्या हातामुळे कस्तुराची निदान एवढ्या एका कामातून सुटका होती. आता चव सिद्ध झाली आणि शंभर माणसांचं पिठलं घोटायचा मान तिच्या गळ्यात आला.

“करीन,” कस्तुरा म्हणाली. “पर माझ्या आईला जत्रेला बोलवायचं. तुमी सोता निरोप धाडायचा. आन पंगतीत तिच्यासमोर सांगायचं, पोरीचा हात वाईट न्हवता म्हनून.”

सारजाबाईंनी विचारलं, न्हाई सांगितलं तर? तर तुमचे खांदे आहेत आणि तुमच्या मुठी आहेत, कस्तुरा म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

दोन दिवस सारजाबाई घरात कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ज्ञानदेवाला पुनावळ्याला निरोप घेऊन धाडलं. ज्ञानदेवानं त्यासाठी रजा काढली. मालात खोट निघाली म्हणून त्यानं तोवर कधी रजा काढली नव्हती.

जत्रेच्या दिवशी सरूबाई आली, गुडघ्यांसकट. कस्तुरा पहाटेपासून दोन चुलींवर झुंजत होती. छबूबाई न बोलावता येऊन लसूण सोलत बसल्या आणि कधी नव्हे ते तोंड मिटून सोलत होत्या. दुपारी पंगत बसली. ताटात वड्या पडल्या, एकीलाही भेग नव्हती. कस्तुरा रश्श्याचं पातेलं घेऊन सासूच्या ताटासमोर उभी राहिली आणि वाढेना. शेजारी सरूबाई मान खाली घालून बसलेली.

सारजाबाईंनी वडी मोडली. खाल्ली. पाण्याचा घोट घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “विहीणबाई, आमच्या घरात आल्याव पोरीचा हात लई सुदारला बगा.”

यापेक्षा मोठी माफी त्या घराण्यात कुणी कुणाची मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. कस्तुराच्या हातातलं पातेलं हललं. ते ती खाली आपटणार, असं ज्ञानदेवाला वाटलं आणि तो अर्धा उठला.

पण सरूबाईनं मान वर केली. “सुदारला आसंल की,” ती शांतपणे म्हणाली. “पर मूठ आमच्याकडचीच हाय, विहीणबाई. पुनावळ्याची. ती वाडलीबी न्हाई आन घटलीबी न्हाई.”

पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी हसलं. ठसका लागला म्हणून छबूबाईंना उठून बाहेर जावं लागलं. सारजाबाई ताटाकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं की दाताखाली आलेला तीळ, ते सांगणं अवघड आहे. कस्तुरानं त्यांना रस्सा वाढला. आईला वाढताना दोन पळ्या जास्त वाढला.

जत्रा सरली, पाहुणे गेले. चार-आठ दिवस सारजाबाईंचं बरं चाललं होतं. मग एका संध्याकाळी त्यांनी ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली आणि काठ जाड राहिलाय, म्हणाल्या. आमच्या सासूबाईंच्या हातची भाकरी कशी, कागदासारखी.

कस्तुरानं हातातलं पीठ झटकलं, उठली आणि परात उचलून सासूच्या पुढ्यात ठेवली. “मग तुमी थापा,” ती म्हणाली, आणि पाटावर जाऊन बसली.

सारजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ज्ञानदेवाकडे पाहिलं. ज्ञानदेव भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता. मग त्यांनी बांगड्या मागे सारल्या, पाण्याचा हात घेतला आणि भाकरी थापायला बसल्या. काठ जाडच झाला. कस्तुरानं ती गरम गरम खाल्ली आणि आणखी एक मागितली.